गुग्गुळ : खाचेपासून पुरचुंडीपर्यंत

कच्छ आणि पश्चिम राजस्थानातील खडकाळ माळांवर वाढणारे गुग्गुळाचे काटेरी झुडूप वर्षातील बराच काळ निष्पर्ण असते; त्याची बाहेरची साल कागदाच्या पापुद्र्यासारखी सुटत राहते आणि औषधी डिंक तिच्याखालच्या हिरवट सालीतील बारीक नलिकांत साठलेला असतो. हिवाळ्यात जाड फांद्यांवर धारदार हत्याराने खाच घेतली की पिवळसर पांढरा चीक पाझरू लागतो आणि दहा-पंधरा दिवसांत घट्ट झालेले त्याचे खडे खरवडून घेतले जातात. खाच सालीपुरती राहिली तर झुडूप सावरते. मात्र चीक अधिक वाहावा म्हणून मोरचूद, घोड्याचे मूत्र आणि गुग्गुळ यांचा लेप खाचेत भरण्याची रीत कच्छात पडली आणि असा लेप लागलेले झुडूप बहुधा वाळून जाते. एका झुडपाचा डिंक जेमतेम पाव-अर्धा किलो भरत असल्याने हा मोह समजण्याजोगा असला, तरी निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ही वनस्पती आज अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे.

या डिंकाचा कोलेस्टेरॉलशी संबंध आधुनिक प्रयोगांत जोडला गेला तो 1966 मध्ये. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या, म्हणजे चरबीच्या विकाराच्या, वर्णनावरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठातील प्रबंधासाठी सशांवर प्रयोग केले आणि त्यांत गुग्गुळाने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरल्याचे दिसले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने डिंकातील प्रभावी भाग वेगळा काढून ‘गुगुलिपिड’ हे औषध तयार केले. भारतातील चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल असले, तरी 2003 मध्ये अमेरिकेत 103 जणांवर झालेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे कोलेस्टेरॉल, घटण्याऐवजी किंचित वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. ‘मेदोहर’ अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यांवर या निष्कर्षाचा उल्लेख अर्थातच नसतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून गुग्गुळ सुरू करावा, इतका आधार या पुराव्यात नाही.

ती चाचणी अर्काची होती, तर वैद्य वापरतात तो शोधन केलेला, म्हणजे शुद्ध केलेला, संपूर्ण डिंक. त्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्यावर जसाच्या तसा लादता येत नाही, मात्र दुसऱ्याची परिणामकारकता त्याने सिद्धही होत नाही. शोधनासाठी फोडलेले खडे कापडाच्या पुरचुंडीत बांधून आडव्या काठीवरून त्रिफळ्याच्या काढ्यात लोंबकळत सोडतात; या मांडणीला दोलायंत्र म्हणतात. मंद आचेवर डिंक विरघळून कापडातून काढ्यात उतरतो आणि तो काढा आटवून, वाळवून, तुपाचा हात लावत खलात कुटला जातो. पुरचुंडीत उरतात सालीचे तुकडे, काड्या आणि वाळू. ते तोलून पाहिले म्हणजे डिंकाच्या भावाने किती माती विकत घेतली गेली, ते कळते.