भूगर्भांतील बिनतारी संदेश

मोटार घाटांतील बोगद्यांत शिरली, कीं तिच्या रेडिओवरील मध्यम लहरींचें गाणें लोपतें, आणि पलीकडचा उजेड दिसूं लागतांच तें पुन्हां कानीं येतें. गाणें थांबलेलें नसतें. त्याची लहर बोगद्याच्या तोंडाशींच अडलेली असते.

याचें कारण लहरीच्या लांबींत आहे. आंत तार, रूळ वा नळ यांसारखा धातु नसेल, तर बोगद्याच्या रुंदीच्या सुमारें दुपटीहून अधिक लांबीची लहर त्यांत चालूं शकत नाहीं. 5 मीटर रुंदीच्या बोगद्यास ही मर्यादा 10 मीटरांची पडते. मध्यम लहर तर सुमारें 300 मीटरांची. एफ्. एम्. ध्वनिक्षेपणाची 3 मीटरांची लहर थोडी आंत जाते. त्याहून आखूड लहर सरळ बोगद्यांत दूरवर पोंचते. मात्र वळण आलें, कीं तिचेंहि बळ सरतें.

धातूची तार ही अडचण दूर करते, कारण तिच्या आधारें लांब लहरहि पुढें सरकते. भुयारी रेल्वेंत व खाणींत याच तत्त्वावर ‘पाझरती केबल’ लावतात. मध्यें तांब्याची तार, भोंवतीं विद्युत्‌रोधक थर आणि वर धातूचें वेष्टण. त्या वेष्टणास मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. बागेंतील भोकें पाडलेल्या नळींतून पाणी झिरपावें, तशा लहरी वाटेंत सर्वत्र झिरपतात. पुढें त्या क्षीण होतात, म्हणून ठराविक अंतरावर वर्धक यंत्रें बसवितात.

परंतु तारच तुटली तर? 2 जानेवारी 2006 रोजीं अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यांत सॅगो येथील कोळशाच्या खाणींत स्फोट झाला. आंत अडकलेल्या कामगारांचा वरच्या जगाशीं संबंध तुटला. छतांत ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांवर ते घणाचे घाव घालीत राहिले. वर तो आवाज कोणासहि ऐकूं आला नाहीं. या अपघातांत 12 जण मृत्यु पावले. अडकलेल्यांपैकीं एकच वांचला. त्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें अपघातानंतरहि चालेल अशी बिनतारी संभाषणाची सोय खाणींस आवश्यक ठरविली.

यावर एक उपाय थेट खडकांतून बोलण्याचा आहे. सेकंदास कांहीं शें ते कांहीं हजार कंपनांच्या मंद लहरी खडक भेदून जातात. त्यांस तारेचें मोठें वेटोळें लागतें आणि त्यांवरून फार थोडा मजकूर जातो. तथापि अंधारांत अडकलेल्या माणसास ‘आम्ही जिवंत आहों, येथें आहों’ एवढेंच कळवावयाचें असतें.