मैफलीची तबकडी आणि देगलूरचे चक्रीभजन

श्रोत्यांसमोर मुद्रित झालेली तबकडी म्हणजे त्या मैफलीची हुबेहूब प्रतिकृती, अशी एक समजूत रूढ आहे. ती अर्धीच खरी होय. मैफलीची तबकडी होताना काळाची आणि स्थानाची निवड कोणाला तरी करावीच लागते.

पैकी काळाची अडचण जुनी आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम ३ मिनिटांचे गाणे मावे, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयासही तेवढ्यातच राग उभा करावा लागे. १९४८ साली लाँग-प्ले तबकडी आली व ही मर्यादा वीस-बावीस मिनिटांपर्यंत वाढली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात उदयास आलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉक संगीताने या वाढीव अवकाशाचा पुरेपूर लाभ घेतला. सुटसुटीत गीताची जागा अनेक खंडांच्या, लय पालटत जाणाऱ्या रचनांनी घेतली. इमर्सन, लेक अँड पामर या त्रयीने मुसोर्गस्कीच्या पियानोरचनेवर बांधलेली कृती मार्च १९७१ मध्ये न्यूकॅसल येथे श्रोत्यांसमोर मुद्रित केली. ‘येस’ या वाद्यवृंदास तर १९७३ साली आपल्या मैफलींसाठी तीन तबकड्यांचा संच काढावा लागला.

जॉन मॅक्लॉफ्लिन हे याच प्रवाहालगतचे गिटारवादक. त्यांच्या ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’ची १९७३ ची मैफल-तबकडी विजेच्या गिटारने आणि प्रचंड ध्वनिवर्धनाने दुमदुमलेली आहे. पुढे तो सारा गडगडाट बाजूस सारून त्यांनी ‘शक्ती’ हा संच उभारला. त्यात मुंबईचे झाकिर हुसेन तबल्यावर, एल. शंकर व्हायोलिनवर, टी. एच. विनायकराम घटमवर व आर. राघवन मृदंगमवर होते. ५ जुलै १९७५ रोजी लाँग आयलंडवरील साउदॅम्प्टन कॉलेजात झालेले त्यांचे वादन १९७६ साली प्रसिद्ध झाले. त्या तबकडीवर रचना तीनच. आणि तिची संपूर्ण दुसरी बाजू सुमारे २९ मिनिटांच्या एकाच रचनेने व्यापली आहे. एका बाजूवर इतका काळ बसवावयाचा तर खाचा अगदी जवळजवळ कोराव्या लागतात, आणि शेजारच्या खाचा एकमेकींत शिरू नयेत म्हणून ध्वनीची पातळी उतरवावी लागते. आवाज थोडा क्षीण झाला तरी चालेल, पण तालवाद्यांचा संवाद मध्येच तोडावयाचा नाही, हा त्यातील निर्णय रसिकतेचा म्हटला पाहिजे.

डिसेंबर २००० मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने नव्याने जमलेल्या संचाचे मुंबईत मुद्रण झाले व २००१ साली ते बाहेर पडले. यू. श्रीनिवास यांचे मँडोलिन, शिवकुमार शर्मा यांचे संतूर, शंकर महादेवन यांचे गायन त्यात आहे. कॉम्पॅक्ट डिस्कमुळे बाजू पालटण्याचा प्रश्नच उरला नव्हता. संतुराची रचना २५ मिनिटांहून अधिक चालते. श्रीनिवास २०१४ मध्ये, शर्मा २०२२ मध्ये व झाकिर हुसेन डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तले. त्या सहवादनाचा ज्यास अभ्यास करावयाचा आहे, त्यास आता अशा मुद्रणांवरच विसंबावे लागते.

स्थानाचा प्रश्न याहून अवघड आहे, व तो देगलूरच्या उदाहरणाने चांगला उलगडतो. देगलूरच्या गुंडामहाराजांच्या परंपरेतील चक्रीभजनात वारकरी चक्राकार फिरत अभंग गातात. व्यासपीठावरील वादक एका जागी बसलेले असतात, म्हणून प्रत्येकापुढे मायक्रोफोन ठेवता येतो. फिरत्या गायकापुढे तो कसा ठेवावयाचा? कडेला एकच ठेवला तर प्रत्येक कंठ क्रमाक्रमाने जवळ येऊन दूर जातो आणि टाळ शब्दांना गिळून टाकतात. फेराच्या मध्यभागी ठेवला तर सर्व आवाज समान अंतरावर येतात खरे; परंतु श्रोते फेराबाहेर असतात. तेव्हा ते मुद्रण कितीही स्वच्छ असले तरी श्रोत्याच्या कानी पडणाऱ्या भजनाचे नव्हे. श्रोत्यांच्या बाजूस, काही अंतर राखून दोन मायक्रोफोन ठेवल्यास मात्र गाणारा फेर डावीकडून उजवीकडे सरकत असल्याचे कानास कळते, आणि अभंगाबरोबर पावलांचा ठेकाही उमटतो.