आठव्या सर्व्हरची जबाबदारी

लेखमाला : हिंजवडीतलं काम (भाग ६)

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी-माण पट्ट्यात, राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये इन्फोसिस, विप्रो, टीसीएससारख्या कंपन्यांची मोठी आवारं आहेत. तिथे येणाऱ्या फ्रेशरचं पहिलं वर्ष आपण मागच्या भागात पाहिलं. त्याच्या दोन-तीन पायऱ्या वर असतो सीनियर इंजिनिअर. जास्त कोड लिहितो, अडलेला बग झटकन सोडवतो तो सीनियर, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो अपुरा वाटतो. दुसऱ्याच्या हातून झालेली साधी चूक वेळेत पकडली जाईल अशी व्यवस्था लावणं, हे सीनियरचं पहिलं काम आहे.

अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचं प्रकरण या दृष्टीनं बारकाईनं पाहावं. बाजारात ऑर्डर पाठवणारी तिची यंत्रणा आठ सर्व्हरवर चालायची. नवा कोड सात सर्व्हरवर चढला, आठव्यावर चढवायचा राहिला. हे काम दुसऱ्या कुणी तपासून पाहावं असा लेखी नियम नव्हता. २००३ पासून वापरात नसलेला, पण कुणीही न काढलेला एक जुना कोड त्या आठव्या सर्व्हरवर तसाच होता आणि नव्या कोडसाठी नेमका त्याचाच फ्लॅग, म्हणजे कोड चालू करणारी खूण, पुन्हा वापरला होता. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडला आणि तो जुना कोड चालू झाला. पाऊण तासात ४० लाखांहून जास्त सौदे होऊन गेले, नुकसान ४६ कोटी डॉलरच्या घरात गेलं. बाजार उघडण्याआधीच यंत्रणेनं या बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते, पण ते धोक्याची सूचना म्हणून कुणी पाहायचे हे ठरलेलंच नव्हतं. पुढे उपाय म्हणून सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला गेला आणि जो बिघाड एका ठिकाणी होता तो आठही ठिकाणी पसरला.

यात एका सर्व्हरवर फाइल न जाणं ही कुणाच्याही हातून होणारी चूक. पण पडीक कोड नऊ वर्षं का राहिला, जुना फ्लॅग परत का वापरला, रिलीज फसलं तर मागे कसं फिरायचं, हे प्रश्न अनुभवी माणसानंच आधी विचारायचे असतात. ते काम मॅनेजरचं, असं कुणी म्हणेल. मॅनेजरकडे तारखा आणि माणसं असतात. अमुक फ्लॅगचा पूर्वी काय उपयोग होता, हे कोड वाचणाऱ्यालाच कळतं.

इतकी तपासणी करत बसलं तर रिलीज व्हायचं कधी, हा आक्षेप मात्र रास्त आहे. बटणाचा रंग बदलायला तीन जणांची मंजुरी मागणं हा वेळेचा अपव्ययच. पण पैशांच्या व्यवहाराच्या टेबलला हात लागणार असेल तर थांबायलाच हवं. कुठे थांबायचं आणि कुठे सोडून द्यायचं, ही पारख वर्षानुवर्षांच्या अनुभवातून यावी अशी अपेक्षा असते. ती चुकली की काय होतं पाहा: क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट १९ जुलै २०२४ रोजी टप्प्याटप्प्यानं न जाता सगळीकडे गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक कोलमडले.

सगळ्यात अवघड आक्षेप हिंजवडीतलाच आहे. सेवा देणाऱ्या कंपनीत निर्णय क्लायंटचा असतो आणि अप्रेझलला बंद केलेली तिकिटं मोजली जातात, टळलेले अपघात नाहीत. हा दोष कंपन्यांचा आहे आणि तो त्यांनीच दुरुस्त करायला हवा. तरी बरंच काही सीनियरच्या हातात उरतं. कोड रिव्ह्यूत ‘ठीक आहे’ एवढं लिहून मोकळं न होता, हा बदल उलटवायचा कसा हे विचारता येतं. इथली संध्याकाळ म्हणजे अमेरिकेतली सकाळ, त्या हँडओव्हरमध्ये काय अर्धवट आहे आणि कोणता अलर्ट चालू आहे हे लिहून ठेवता येतं. नव्या मुलाला शेजारी बसवून त्याच्याच हातानं रिलीज करून घेता येतं. आणि रोलबॅक नसलेला बदल शुक्रवारी रात्री नको, असं क्लायंटला मेलवर स्पष्ट कळवता येतं. तरीही करा असं उत्तर आलं तर करावं लागतं. पण मग डेटाचा बॅकअप कधी घ्यायचा, काय बिघडलं तर काम थांबवायचं आणि रात्री फोन कुणाला लावायचा, हे त्याच मेलमध्ये क्लायंटकडून ठरवून घेता येतं.