औषध लागू पडत नाही, तेव्हा

‘गोळ्या चालू आहेत, पण गुण नाही’ ही तक्रार मनोविकारांच्या बाबतीत वारंवार कानी येते. कधी आठवडेच्या आठवडे मनावर मळभ, तर कधी झोपेवाचून अनावर उत्साह आणि उधळपट्टी, अशा दोन टोकांत हेलकावणाऱ्या रुग्णाच्या घरी ती लवकरच निराशेत परिणत होते व गोळ्या बंद पडतात. औषध खरोखरच निष्फळ ठरले काय, हे मात्र पाहिले जात नाही.

उन्मादावर लिथियम उपयुक्त असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखविले. त्याचा परिणाम दिसू लागण्यास एक ते तीन आठवडे लागतात. हेलकावे खरोखर कमी झाले की नाही, हे कळण्यास कित्येक महिने. रक्तातील प्रमाण कमी पडले तर गुण नाही, वाढले तर विषबाधा. जुलाब किंवा काही वेदनाशामक गोळ्याही ते वाढवितात. म्हणूनच रक्ततपासणी हा उपचाराचाच भाग होय. कित्येकदा निदानच अपुरे असते. रुग्ण खिन्नतेतच डॉक्टरकडे जातो. उत्साहाचे दिवस त्याला आजार वाटतच नाहीत. मग केवळ खिन्नतेवरील औषध मिळते आणि त्याने उन्माद उसळू शकतो.

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखात यात अंतराची भर पडते. येथील अनेक घरांचा एक पाय मुंबईत. तेथे सुरू झालेला उपचार माणूस गावी परतताच तुटण्याची भीती असते. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग महाडहून सुमारे शंभर किलोमीटर. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी झोप मोडते, आणि झोपमोड हे उन्मादाचे एक परिचित निमित्त आहे. जुलै २०२१ मध्ये महाडची बाजारपेठ पुराखाली गेली, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा दिवसांत गोळ्यांची आठवण कोणाला राहणार? परंतु लिथियम एकाएकी थांबल्यास आजार अधिक जोराने उलटतो.

झोपेचे तास, मनाची स्थिती व चुकलेल्या गोळ्या यांची रोजची टिपणवही डॉक्टरपुढे ठेवली, तर औषध हरले की ते नीट पोहोचलेच नाही, याचा उलगडा होऊ शकतो. झोप उडणे, अखंड बोलणे या पूर्वखुणा घरच्यांनीच आधी ओळखाव्यात. आत्मघाताचे विचार येऊ लागल्यास मात्र पुढच्या भेटीची वाट पाहू नये. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये सुरू झाला. त्याचे यश किती रुग्ण तपासले यावर मोजणे सोपे. पोलादपूरच्या वाडीवरचा रुग्ण दुसऱ्या महिन्यात औषधासाठी परत आला काय आणि त्याची रक्ततपासणी महाडलाच झाली काय, हे विचारणे अधिक अवघड आहे. विचारायला हवे ते हेच.