कासची फुलं पाहून आल्यावर ताप आला तर

सप्टेंबर लागला की सातारा, सांगलीहून गाड्या भरून लोक कास पठारावर फुलं पाहायला जातात. २०१२ साली जागतिक वारसा स्थळांत गणलेलं हे पठार जरूर पाहा. तेरडा, सीतेची आसवं डोळे भरून पाहा. पण पायवाट सोडू नका, गवतात बसू नका. फुलं तुडवली जातात, आणि तब्येतीलाही ते बरं नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गवता-झुडपांत डोळ्यांना जेमतेम दिसणारे चिगर किडे असतात. त्यांतल्या जंतू असलेल्या किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ साली नागपूर भागात त्याची साथ आली होती.

चाव्यानंतर ६ ते २१ दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काखेत, जांघेत, कमरेला न दुखणारी काळी खपली दिसू शकते. प्रत्येकाला दिसतेच असं नाही. बायांनो, ती दाखवायला लाजू नका. ‘गवतात गेले होते’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध वेळेत मिळालं तर रुग्ण बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसं, किडनी, मेंदूवर बेततं. मनाने गोळ्या घेऊ नका.

पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे घाला. घरी येताच साबणाने अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा.

सहलीला जाणारा वर्षातून एकदा गवतात जातो. गवत कापणारी, गुरं राखणारी माणसं रोज जातात. हे आधी त्यांना सांगा.