५०० तुकडे आणि चार गैरसमज

बदलापूर स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे अंतर ६८ किलोमीटर आहे. बदलापूरच्या सोनिवलीत राहून मुंबईत नोकरी करणाऱ्याचे रोजचे तीन तास तरी लोकलमध्ये जातात. घरी पोचल्यावर जो तास-दीड तास उरतो, तो बहुतेकदा मोबाइलच्या पडद्यावर संपतो. अशा घरात कुणी जिगसॉ पझलचा डबा आणला की दोन ठरावीक प्रतिक्रिया येतात. एक म्हणतो, ‘हा पोरखेळ कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘चांगलं आहे, म्हातारपणी विसरायला होत नाही.’ पहिला या छंदाला त्याच्या योग्यतेपेक्षा कमी लेखतो आणि दुसरा त्याच्याकडून नको तितकी अपेक्षा करतो. पझलमुळे बुद्धी किती वाढते, हे मोजण्यात आपण फार वेळ घालवतो. त्याचा खरा लाभ आहे तो भरकटलेले लक्ष एका जागी आणण्यात आणि घरातल्या माणसांना एका टेबलाभोवती बसवण्यात. उपलब्ध पुरावा तपासला तर हेच दिसते.

गैरसमज १ : हा लहान मुलांचा खेळ आहे

या समजाला इतिहासाचा आधार आहे, हे मान्य करायला हवे. लंडनचा नकाशाकार जॉन स्पिल्सबरी याने १७६० च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला, तो मुलांना भूगोल शिकवण्यासाठीच. पण १९३० च्या दशकातील जागतिक महामंदीत साच्याने कापलेली पुठ्ठ्याची स्वस्त पझल्स अमेरिकेत घरोघरी पोचली आणि ती लावणाऱ्यांत मोठी माणसेच जास्त होती. आज तर या छंदाची जागतिक स्पर्धा भरते. वर्ल्ड जिगसॉ पझल फेडरेशनने २०१९ मध्ये स्पेनमधील वायादोलिद शहरात पहिली जागतिक स्पर्धा घेतली. महासाथीमुळे दोन वर्षे खंड पडला आणि २०२२ पासून ती पुन्हा तिथेच भरू लागली. वैयक्तिक गटात प्रत्येकासमोर तेच, आधी कुणीही न पाहिलेले ५०० तुकड्यांचे चित्र असते. नवख्याला एवढ्या कामाला काही संध्याकाळी लागतात, अव्वल स्पर्धक ते पाऊण तासाच्या आत पुरे करतात. यामागे उपजत चमत्कार असतो असे मानण्याचे कारण नाही. बरेचसे काम पद्धतीचे आहे : आधी सगळे तुकडे सुलटे करायचे, रंग आणि पोत पाहून ढीग लावायचे आणि मग ठळक भागांपासून सुरुवात करायची. निळ्याभोर आकाशात रंग उपयोगी पडत नाही, तेव्हा फुगवटे आणि खाचा पाहून तुकड्यांच्या रांगा मांडायच्या. हे कौशल्य सरावाने येते, म्हणूनच ते कुणालाही शिकता येते.

गैरसमज २ : पझल लावले की स्मृतिभ्रंश टळतो

हा समज सर्वांत लोकप्रिय आहे आणि त्याची थेट परीक्षाही झालेली आहे. जर्मनीतील उल्म विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी पन्नाशी ओलांडलेल्या १०० निरोगी व्यक्तींवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाने ३० दिवस रोज किमान एक तास पझल लावले, सरासरी ४९ तासांत सुमारे ३,६०० तुकडे जोडले. दुसऱ्या गटाला मेंदूच्या आरोग्याबद्दल फक्त मार्गदर्शन मिळाले, तेच पहिल्या गटालाही मिळाले होते. महिन्याअखेर दोन्ही गटांच्या बौद्धिक क्षमतेत म्हणावा असा फरक आढळला नाही. यावर एक आक्षेप रास्त आहे. याच प्रयोगात असेही दिसले, की आयुष्यभर पझल लावत आलेल्यांची दृश्य-अवकाशीय क्षमता अधिक चांगली होती. मग महिन्याऐवजी वर्षानुवर्षे लावले तर? शक्य आहे. पण ज्यांना आकार पटकन ओळखता येतात त्यांनाच हा छंद जडतो आणि टिकतो, हेही तितकेच शक्य आहे. अशा संबंधावरून कारण आणि परिणाम ठरवता येत नाहीत. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे धोके दिले आहेत. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, धूम्रपान आणि शारीरिक निष्क्रियता आहे. पझलचा अभाव त्या यादीत नाही, पण सामाजिक एकटेपणा आहे. म्हणून आजोबांच्या हाती डबा देऊन आपण आपल्या खोलीत निघून गेलो तर त्यांच्यासाठी फारसे काही केले असे होत नाही. त्यांच्याबरोबर तासभर बसलो तर होते.

गैरसमज ३ : स्पर्धा आली की शांतता गेली

हा आक्षेप नीट ऐकून घ्यायला हवा. त्यासाठी पझल लावताना मन शांत का होते, हे आधी पाहू. काळजी शब्दांत आणि चित्रांत येते. तुकडा मनातल्या मनात फिरवून पाहणे हे चित्रांचे काम आहे आणि मनाची ती जागा एका वेळी थोडेच पेलू शकते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये काही निरोगी लोकांना अंगावर येणारी दृश्ये दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यांतल्या काहींना टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ दिला. खेळणाऱ्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्ये कमी वेळा छळत होती. पुढच्या प्रयोगात शब्दांच्या प्रश्नमंजूषेने असा लाभ झाला नाही. टेट्रिस म्हणजे जिगसॉ नव्हे, त्यामुळे निष्कर्ष ताणू नये. पण आकार जुळवण्यात मन गुंतले की त्रासदायक चित्रांना जागा कमी उरते, एवढा अंदाज त्यातून बांधता येतो. आता घड्याळ लावले तर काय होते? स्पष्ट ध्येय, आपल्या ताकदीला साजेसे आव्हान आणि चूक-बरोबर लगेच कळणे या गोष्टी जमल्या की माणूस कामात पूर्ण बुडतो, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी केली. घड्याळ यांतल्या पहिल्या दोन गोष्टी पुरवू शकते. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना बक्षिसाचे आमिष दाखवले. पुढे मोकळ्या वेळेत ती मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रांकडे वळली. म्हणून मुलांना बक्षिसासाठी किंवा शेजारच्या मुलापेक्षा पुढे जाण्यासाठी पझलला बसवू नये. मागच्या वेळेशी आपल्याच आजच्या वेळेची तुलना करावी किंवा चौघांचा संघ करावा. जागतिक स्पर्धेतही चौघांचा गट असतो आणि तिथे कामाची वाटणी करणे, एकमेकांच्या आड न येणे हीच खरी कसोटी ठरते.

गैरसमज ४ : छंद असला की उपचारांची गरज नाही

हा समज सर्वांत घातक आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे मानसिक विकार असलेल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत, विकारानुसार हे प्रमाण बदलते. नैराश्याचे एक मुख्य लक्षणच असे, की आवडत्या गोष्टींतली गोडी जाते. अशा माणसाला ‘एखादा छंद लाव, बरं वाटेल’ असे सांगितले आणि त्याच्याने ते झाले नाही, की त्याच्या दुःखात अपराधीपणाची भर पडते. आनंददायी कामे हळूहळू दिनक्रमात आणण्याची एक सिद्ध उपचारपद्धती आहे, हे खरे. पण ती प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, माणसाला झेपेल अशा पायऱ्यांनी चालते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. दोन आठवडे उदासी हटत नसेल, झोप उडाली असेल, तर आधी तिथे बोलावे. पझल त्यानंतरही सोबतीला राहू शकते.

उरतो प्रश्न जागेचा आणि पैशांचा. ५०० तुकड्यांचे चित्र साधारण ४९ बाय ३६ सेंटिमीटरचे होते. चित्रकलेचा मोठा बोर्ड त्याला पुरतो आणि रात्री तो पलंगाखाली सरकवता येतो, म्हणजे वन-रूम-किचनमध्येही अडचण होत नाही. एक डबा एकदा लावून संपत नाही, तो दुसऱ्या घरी तितकाच नवा असतो. ग्रंथसखासारखे वाचनालय उभे करणाऱ्या बदलापूरला देवघेवीची कल्पना नवी नाही. सोनिवलीच्या एखाद्या सोसायटीत दहा घरांनी एकेक डबा घेतला, तर प्रत्येक घराला दहा चित्रे मिळतात. महिन्याच्या एका रविवारी क्लबहाउसमध्ये चौघाचौघांचे संघ करून घड्याळ लावता येईल. त्या तासाभरात कुणाची बुद्धी वाढणार नाही. पण एरवी फक्त लिफ्टमध्ये भेटणारी माणसे एकाच तुकड्यासाठी एकमेकांना हाका मारतील आणि तेवढा वेळ मोबाइल बाजूला पडून राहील.