वाळू कायदेशीर झाली, पण वाळू काढणारा?

‘फॉर्मलायझेशन’ हा शब्द पेपर वाचताना सारखा भेटतो. साध्या भाषेत, परवान्याशिवाय चालणारा धंदा नोंद, नियम आणि कराच्या चौकटीत आणणे. लहान सोनेखाणींच्या अभ्यासात तर तो पानोपानी येतो. घानाने १९८९ मध्ये कायदा करून अशा खाणींना परवाने द्यायला सुरुवात केली. तरी तिथलं बिगरपरवाना खाणकाम, ज्याला ‘गॅलमसे’ म्हणतात, थांबलेलं नाही. एक कारण सोपं आहे: परवान्याला पैसा, वेळ आणि ओळख लागते. खड्ड्यात उतरणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

आता सोन्याच्या जागी वाळू धरा आणि घानाच्या जागी आपला करमाळा तालुका. जेऊरच्या एका अंगाला भीमेवरचं उजनीचं पाणी, दुसऱ्या अंगाला सीना. २०२३ च्या धोरणात राज्य सरकारने डेपोतून ६०० रुपये ब्रासने (ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू द्यायचं ठरवलं. २०२५ मध्ये डेपो गुंडाळून पुन्हा लिलाव आले. दोन्ही वेळा चर्चा कशाची झाली? दर, महसूल, नदी, माफिया. पाण्यात उभं राहून वाळू उपसणारा त्यात जवळजवळ नव्हताच.

हे आजचं नाही. १९५२ चा खाण कायदा मजुरांच्या सुरक्षिततेसाठी होता. पण साध्या वाळूची उघडी खाण ६ मीटरपेक्षा खोल नसेल, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नसतील आणि स्फोटकं वापरली जात नसतील, तर त्यातल्या बहुतेक तरतुदी तिला लागू होत नव्हत्या. म्हणजे घाट कायदेशीर, पावती कायदेशीर, आणि मजूर मात्र या कायद्याच्या बाहेर! कारवाईचंही तसंच. उजनीतल्या बोटी जिलेटिनने उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो. बोटमालकाची बोट जाते, मजुराचा रोज जातो. बातमी बहुतेक वेळा बोटीवरच संपते.

मग संशोधन करताना काय बघायचं?

पहिलं, ‘फॉर्मल’ नक्की काय झालं ते वेगळं करा: जागा, माल, की माणूस? तिन्ही एकदम होतात असं गृहीत धरू नका.

दुसरं, नमुना कुठून घेताय ते तपासा. फक्त परवान्याच्या घाटावर सर्व्हे केला तर मजुरी वाढलेली दिसू शकते. पण यंत्र आल्यावर ज्यांचं काम गेलं, ते ऊसतोडीला किंवा पुण्याला निघून गेलेले असतील. ते तुमच्या नमुन्यात येणारच नाहीत. याला ‘सिलेक्शन बायस’ म्हणतात, आणि इथे तो निष्कर्ष थेट उलटा करू शकतो.

तिसरं, परवाना कुणाच्या नावावर आहे याच्यासोबत, अपघात झाला तर भरपाई कोण देतं, हेही विचारा. फॉर्मलायझेशन मजुरापर्यंत पोचलं की नाही, हे या एका प्रश्नाच्या उत्तरातून बरंचसं कळतं.